आधी बेत, मग कात्री
(ठाकुर्ली येथे मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला दातांचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या घरांत बाईची दाढ पडली, की तिचा उपाय सर्वांच्या शेवटी होतो. मुलांची फी, सासूबाईंचा मोतीबिंदू हे आधी. ती मात्र भाकरी आमटीत कुस्करून खात राहते. दाढ गेली की तिथले हाडही हळूहळू झिजते, हे तिला ठाऊक नसते.

हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात चढवायचा, याला इम्प्लांट म्हणतात. हाड टायटेनियमला घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला.

आता खरा प्रश्न असा, की स्क्रू नेमका कुठे व किती खोल बसवायचा? भिंतीचे छायाचित्र समोरून काढले तर लांबी-उंची कळते, जाडी कळत नाही. साध्या एक्स-रेचे तसेच आहे. खालच्या जबड्यातून ओठ-हनुवटीला जाणारी शीर दुखावली, तर ओठ बधिर होतो. चहाचा कप लागला तरी कळत नाही. वरच्या दाढांच्या मुळांशी हवेची पोकळी असते.

म्हणून सी.बी.सी.टी. नावाचे यंत्र डोक्याभोवती फिरवून अनेक चित्रे घेतात. संगणक त्यांतून जबड्याची लांबी, रुंदी, खोली दाखवणारी प्रतिमा तयार करतो. सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टर आधी दात कुठे हवा ते ठरवतात, मग त्याखाली स्क्रू मांडून पाहतात. शिरेपासून साधारण २ मिलिमीटर अंतर राखतात. हा बेत उतरवून छिद्रांचा साचाही करता येतो. तो दातांवर बसवला की ड्रिल ठरल्या दिशेनेच जाते. शिवणाच्या वर्गात आपण हेच शिकतो: आधी कागदावर बेत, मग कापडाला कात्री.

मात्र यंत्रावर सारा भार टाकू नये. स्कॅनच्या वेळी मान हलली तर चित्र बिघडते, आणि चित्र चुकले तर बेतही चुकतो. शिवाय मधुमेह, मिश्री-तंबाखूची सवय, हाडे ठिसूळ झाल्यावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शने, यांची माहिती सॉफ्टवेअरला नसते. ती आपणच न लाजता डॉक्टरांना सांगावयाची असते.

तेव्हा खुर्चीवर बसण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. माझे चित्र पडद्यावर दाखवून शीर कुठे आहे ते सांगाल का? कवळीने किंवा ब्रिजने माझे काम भागेल का? आणि स्कॅन, स्क्रू, वरचा दात मिळून एकूण खर्च किती? स्कॅनची प्रत मागून घ्या. शंका असली तर ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येते. ठाकुर्लीहून धीम्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले, की शासकीय दंत महाविद्यालय जवळच आहे. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे.

प्रत्येकीला इम्प्लांट लागेलच असे नाही. पण आपल्या जबड्यात काय करावयाचे आहे, हे आधी समजून घेण्याचा हक्क प्रत्येकीला आहे. तो आपण मागितला पाहिजे. घरखर्चाच्या वहीत या वर्षी एक ओळ स्वतःच्या दातांसाठीही लिहा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.