४९ गुणसूत्रांची म्हैस

मी कोल्हापूरचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो, आणि आज बोलणार आहे म्हशीबद्दल. हसू नका, विषय हार्ड आहे.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून ग्लास हातात देतात, ते बऱ्याच जणांनी प्यायलं असेल. आपल्या भागातली खास म्हैस म्हणजे पंढरपुरी, तलवारीसारख्या लांब शिंगांची. तिच्या पेशीत ५० गुणसूत्रं असतात, म्हणजे २५ जोड्या. मुऱ्हा, जाफराबादी, नागपुरी, सगळ्यांचा आकडा हाच. पण आसामातली लुइत म्हैस घ्या, किंवा फिलिपिन्स आणि चीनमधल्या भातशेतीत राबणारी म्हैस घ्या. ती दलदलीतली म्हैस. तिच्यात ४८ निघतात.

मग दोन गुणसूत्रं गेली कुठं? कुठंच नाही. आपल्या म्हशीतलं चार नंबरचं आणि नऊ नंबरचं गुणसूत्र त्या म्हशीत टोकाला टोक जोडून एकच लांब गुणसूत्र झालंय. दोन वह्या एकत्र बाइंड केल्यासारखं. वह्यांची संख्या कमी झाली, पण आतला मजकूर जवळपास तोच.

आता या दोघींच्या जातींचा संकर केला तर? फिलिपिन्स आणि चीनमध्ये दूध वाढवायला मुऱ्हाशी असे संकर भरपूर झालेत. वासराला एकीकडून २५, दुसरीकडून २४ मिळतात. एकूण ४९. वासरू धडधाकट असतं, कारण मजकूर पूर्ण आहे. वाढतं, काम करतं, दूधही देतं. बघून तुम्हाला काही कळणार नाही.

खरी परीक्षा होते ती त्याच्या शुक्राणू किंवा अंडपेशी तयार होताना. दहावीला आपण अर्धगुणसूत्री विभाजन शिकलो, मियॉसिस. मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. त्यात प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधतं, त्याला चिकटतं, आणि मग दोघं विरुद्ध दिशांना खेचली जातात. म्हणून प्रत्येक शुक्राणूत प्रत्येक वहीची एकच प्रत जाते.

४९ वाल्या रेड्यात २३ जोड्या नीट जमतात. उरतात तिघं: जोडलेलं लांब गुणसूत्र, सुटं चार आणि सुटं नऊ. जोडीदार तर हवाच. मग सुटं चार त्या लांब गुणसूत्राच्या चार नंबरच्या भागाला जाऊन चिकटतं, सुटं नऊ नऊच्या भागाला. जोडीऐवजी तिघांची साखळी तयार होते.

ही साखळी कशी सुटायला हवी? खो-खो आठवा. पाटीत बसलेल्या आठ जणांत शेजारी-शेजारी बसलेल्यांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. इथंही तसंच हवं. मधलं लांब गुणसूत्र एका बाजूला, आणि त्याच्या दोन्ही शेजारची चार आणि नऊ दुसऱ्या बाजूला. असं झालं तर एका शुक्राणूत २४, दुसऱ्यात २५, आणि दोन्हीकडं मजकूर पूर्ण. दोन्ही चालतात.

बऱ्याचदा असंच होतं, आणि त्यामागं रस्सीखेच आहे. पेशीतले तंतू गुणसूत्रांना दोन्ही टोकांकडून ओढतात. दोन्हीकडून ताण बसला की ती मांडणी टिकते, नाहीतर पकड सुटते आणि परत प्रयत्न होतो. पण गडी दोन ऐवजी तीन असले की कधीकधी चुकीची मांडणीही टिकून जाते. मग लांब गुणसूत्रासोबत सुटं चारही त्याच बाजूला जातं. त्या शुक्राणूत चारच्या दोन प्रती, आणि समोरच्यात चार नाहीच. अशा शुक्राणूतून गर्भ राहिला तरी तो बहुधा सुरुवातीलाच मरतो.

हे असं उलटसुलट झालेल्या गुणसूत्रांचं गणित आधी उलगडलं ते फळमाशीत. १९२१ साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी दाखवलं की माश्यांच्या दोन जवळच्या जातींत जनुकं तीच आहेत, पण एका गुणसूत्राच्या तुकड्यावर त्यांचा क्रम उलटा आहे. असा उलटा तुकडा सरळ तुकड्याशी जोडी जमवतो तेव्हा चक्क वेटोळं घालावं लागतं. म्हणजे जोडी जमवण्यासाठी गुणसूत्रं काय वाटेल ती कसरत करतात. अडचण येते ती सुटताना.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात कुठं आल्या दलदलीतल्या म्हशी? बरोबर. पण हाच प्रकार गाईत जगभर सापडलाय. गाईला ६० गुणसूत्रं असतात. १९६४ मध्ये स्वीडनमध्ये इंगेमार गुस्ताव्हसन यांना काही जनावरांत एक नंबरचं आणि एकोणतीस नंबरचं गुणसूत्र जोडलेलं दिसलं. असा जोड असलेली जनावरं सहसा ठणठणीत दिसतात. पण अशा वळूंकडून गाई गाभण राहण्याचं प्रमाण साधारण ५ टक्क्यांनी कमी भरतं.

५ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण कृत्रिम रेतनात एका वळूच्या वर्षाला हजारो रेतमात्रा तयार होतात आणि गावोगाव जातात. शेतकऱ्याला काय दिसतं? जनावर उलटलं. २१ दिवस वाट बघितली, परत माजावर आलं. गर्भ थोडा वाढून मेला असेल तर त्याहूनही उशिरा. तोवर वैरण चालू, पेंड चालू, दूध बंद. आणि दोष कुणाला? गाईला, म्हशीला. दोन-तीनदा उलटली की बाजार दाखवायची भाषा सुरू.

उलटण्याची कारणं बरीच असतात हेही सांगतो. खाद्य, गर्भाशयाचा आजार, म्हशीचा मुका माज, रेतनाची वेळ चुकणं. गुणसूत्रांचं कारण त्यातलं छोटं. पण ते वळूत असलं तर एका गोठ्यापुरतं राहत नाही. म्हणूनच आपल्याकडं रेतकेंद्रांसाठीच्या सरकारी मानकांत वळूची गुणसूत्र तपासणी आहे. गावात फिरणाऱ्या रेड्याची अशी तपासणी कोण करतो? घरी जनावरं असतील तर रेतमात्रा कुठल्या केंद्राची, वळूचा नंबर काय, हे विचारायची सवय लावा. नोंद मोबाइलमध्ये ठेवा. एकाच वळूकडून बरीच जनावरं उलटत असतील तर डॉक्टरांना आकड्यानिशी सांगता येईल.

आणि शेवटचं, जास्त महत्त्वाचं. माणसांतही साधारण ५०० मध्ये एकाच्या गुणसूत्रांत अशी अदलाबदल असते, मजकूर पूर्ण, फक्त जागा बदललेली. त्या माणसाला कसलाच त्रास नसतो. पण त्या जोडप्यात परत परत गर्भपात होऊ शकतात. आपल्याकडं मग सगळ्या नजरा सुनेकडं वळतात. ही अदलाबदल नवऱ्यात असू शकते, बायकोत असू शकते, आणि ती कुणाच्या वागण्यानं, खाण्यानं किंवा पायगुणानं झालेली नसते. दोघांच्या रक्ताची एक तपासणी असते, कॅरिओटाइप. त्यात कळतं. आणि कळलं म्हणजे दार बंद झालं असंही नाही. साखळी नीट सुटते तेव्हा निरोगी बाळ होतंच, अशी कितीतरी घरं आहेत.

तुमच्या ओळखीत कुणी यातून जात असेल तर हा भाग त्यांना पाठवा. फक्त तिला नाही, दोघांनाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!