भीती ताटात, धोका शेडमध्ये

हवेली, दौंड, पुरंदरहून आलेले कुक्कुटपालक, पशुवैद्यक मित्रहो, आरोग्य खात्यातले सहकारी आणि मागच्या रांगेत दुर्बिणी गळ्यात अडकवून बसलेले पक्षीनिरीक्षक,

तुम्ही सगळे एका मांडवात बसलेले फार क्वचित पाहायला मिळता. एरवी बर्ड फ्लूचं नाव निघालं की आपण एकमेकांकडे बोट दाखवतो. पोल्ट्रीवाला म्हणतो, रोग रानपक्ष्यांनी आणला. पक्षीनिरीक्षक म्हणतो, तुमच्या शेडांनी पोसला. डॉक्टर म्हणतात, माणसाला झाला तर आमच्याकडे या. पशुवैद्य म्हणतो, आधी भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या. त्या दृष्टीने लोणी काळभोर ही जागा छान निवडली. कवडीपाटला, पुण्याचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन आलेल्या मुळा-मुठेवर दर हिवाळ्यात चक्रवाक उतरतात. शेजारून सोलापूर रस्ता जातो, त्यावर पिंजरे लादलेल्या गाड्या असतात. पुढे उरुळी कांचनला डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाची कुक्कुटपालन संस्था आहे. मागे पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय. या रोगाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो, ते सगळे या एका पट्ट्यात आहेत.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. या रोगाबद्दलची आपली भीती चुकीच्या जागी बसली आहे. ती जेवणाच्या ताटात बसली आहे आणि धोका शेडमध्ये मोकळा फिरतो आहे.

१८ फेब्रुवारी २००६ हा दिवस इथल्या जुन्या पोल्ट्रीवाल्यांना विसरता येणार नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या नमुन्यांचा भोपाळचा अहवाल त्या दिवशी जाहीर झाला. एच५एन१ हा विषाणू भारतात पहिल्यांदा सापडला, तो आपल्या राज्यात. त्याआधी तिथे काही दिवस मर चालू होती. राणीखेत, म्हणजे मानमोडी, असेल असं वाटलं. यात नवापूरकरांची चूक काढायला मी तयार नाही. मानमोडी आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की पक्षी पटापट मरायला लागले की तेच नाव पहिलं तोंडात येतं. तुरा जांभळा पडलेला, तोंड सुजलेलं, अंडी एकदम घटलेली, जी आली ती मऊ कवचाची: यातलं बरंचसं दोन्ही रोगांत दिसतं. नडगीवर रक्ताचे चट्टे दिसले तर संशय वाढतो, इतकंच. नुसतं बघून खात्रीने सांगतो असं म्हणणाऱ्या पशुवैद्यावर विश्वास ठेवू नका. तो मी असलो तरी.

अहवालानंतर तीन किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारायला घेतले. काही दिवसांत लाखोंचा आकडा झाला. मार्चमध्ये जळगावच्या खेड्यांतल्या परसातल्या कोंबड्यांपर्यंत रोग पोहोचला. पण ज्यांच्याकडे एकही पक्षी आजारी नव्हता, त्या पुण्याकडच्या आणि सांगलीकडच्या शेडांचं काय झालं? शहरांनी कोंबडी आणि अंडी खाणं सोडलं. रेल्वेने जेवणातून चिकन काढलं. भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेला आणि कर्ज काढून शेड उभारलेली माणसं बुडाली. त्या वर्षी तापाच्या संशयित रुग्णांच्या तपासण्या झाल्या. एकाही माणसात हा विषाणू सापडला नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कोंबडीतून कोरोना होतो या निव्वळ अफवेवर तेच घडलं. त्या रोगाचा कोंबडीशी संबंधही नव्हता.

आता ताटाचा विषय संपवून टाकतो, कारण त्यात फार काही सांगण्यासारखं नाही. ७० अंश सेल्सिअसला मांस आतपर्यंत शिजलं की हा विषाणू मरतो. आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो. साथीच्या काळात हाफ फ्राय आणि कच्चं अंडं बाजूला ठेवा, कच्चं मांस कापलेल्या सुरीने कोशिंबीर चिरू नका. आजच्या दुपारच्या जेवणात चिकन आहे का, असं सकाळपासून तिघांनी मला दबक्या आवाजात विचारलं. आहे, आणि मी जेवणार आहे.

शेडकडे वळू. मेलेले पक्षी सकाळी कोण गोळा करतं? बहुतेक ठिकाणी परराज्यातून आलेला एक मजूर, त्याची बायको, कधी त्यांची मुलं. हात उघडे, तोंडावर काही नाही. वाळलेली विष्ठा आणि तुसाची धूळ हवेत असते. ते कुटुंब त्याच शेडला लागून असलेल्या खोलीत स्वयंपाक करतं आणि झोपतं. आजारी पक्ष्याच्या विष्ठेत आणि लाळेत विषाणू भरपूर असतो. थंडीत, म्हणजे चार अंशांच्या आसपास, तो विष्ठेत महिनाभरही तग धरतो, तर ३७ अंशांना आठवड्याच्या आत संपतो. महाराष्ट्रातल्या ठळक उद्रेकांचे महिने बघा. नवापूर, फेब्रुवारी २००६. परभणीतलं मुरुंबा, जानेवारी २०२१. पुन्हा नवापूर, फेब्रुवारी २०२१. शहापूर तालुक्यातलं वेहळोली, फेब्रुवारी २०२२. उदगीरचे कावळे, जानेवारी २०२५. आपली सावधगिरी दिवाळीनंतर वाढायला हवी. प्रत्यक्षात ती पहिल्या बातमीनंतर वाढते.

शेडनंतर दुकान. जिवंत कोंबडी कापून, ड्रममध्ये फिरवून पिसं काढणारा माणूस दिवसभर रक्ताच्या आणि पिसांच्या फवाऱ्यात उभा असतो. १९९७ साली हाँगकाँगमध्ये हा विषाणू माणसांत पहिल्यांदा आढळला तेव्हा १८ जणांना लागण झाली, सहा दगावले, आणि बोट गेलं ते जिवंत कोंबड्यांच्या बाजारांकडे. तिथल्या सरकारने साऱ्या शहरातल्या कोंबड्या मारल्या, पंधरा लाखांच्या आसपास.

माणसाला हा रोग सहजी का होत नाही, हे समजून घेतलं तर भीती आपोआप जागेवर येते. पेशीत शिरण्याआधी विषाणूला पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका साखरेला चिकटावं लागतं. ती साखर पेशीला दोन तऱ्हांनी जोडलेली असते. पक्ष्यांच्या आतड्यात आणि श्वसनमार्गात एक तऱ्हा, माणसाच्या नाका-घशात मुख्यतः दुसरी. पक्ष्यांचा विषाणू पहिल्या तऱ्हेला सरावलेला असल्याने माणसाच्या नाकात त्याला पकड मिळत नाही. मात्र आपल्या फुप्फुसाच्या तळाशी आणि डोळ्यांत ती पहिली तऱ्हा आहे. म्हणून एकीकडे लागण दुर्मीळ आणि खोकल्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणं त्याहून दुर्मीळ. दुसरीकडे, भरपूर विषाणू खोल श्वासातून आत गेला तर न्यूमोनिया भयंकर. २००३ पासून जगात नोंदलेले एच५एन१चे रुग्ण हजाराच्या आसपास आहेत आणि त्यांतले जवळपास निम्मे वारले. या प्रमाणाने घाबरून जाण्याआधी लक्षात घ्या की सौम्य आजाराचे लोक दवाखान्यात येत नाहीत, आले तर त्यांची ही तपासणी होत नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये हा विषाणू गायींच्या गोठ्यांत आढळला. तिथे सापडलेल्या सत्तरेक रुग्णांपैकी बहुतेकांचे नुसते डोळे आले किंवा हलका ताप आला.

खरी चिंता पुढची आहे. या विषाणूचा जनुकसंच सलग नसून आठ सुट्या तुकड्यांचा असतो. एकाच डुकराला किंवा माणसाला पक्ष्यांचा आणि माणसांचा फ्लू एका वेळी झाला तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसून नवा डाव वाटावा तसे हे तुकडे मिसळू शकतात. प्रत्येक लागण म्हणजे त्याला दिलेली एक संधी. शेडमधल्या मजुराला लागण होऊ न देणं हे म्हणूनच एकट्या मजुराच्या भल्याचं काम राहत नाही.

भारतात २०२१ मध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा एच५एन१ने दिल्लीच्या एम्समध्ये दगावला, २०२५ च्या मार्चमध्ये आंध्रातली दोन वर्षांची मुलगी गेली. दोन्ही निदानांवर पुण्याच्या विषाणू संस्थेने शिक्कामोर्तब केलं. त्या मुलीने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता, असं बातम्यांत आलं. इकडे आपल्या मेळघाटात, २०१९ साली, दीड वर्षाच्या आतल्या एका मुलात एच९एन२ सापडला. भारतातला तो पहिला रुग्ण. हा एच५एन१चा सौम्य भाऊबंद. कोंबड्यांत तो सर्रास असतो. मूल बरं झालं. ते सापडलं कसं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मेळघाटातल्या ९३ गावांत श्वसनविकारांच्या एका अभ्यासासाठी मुलांचे नमुने घेतले जात होते. शोधत होते म्हणून सापडलं. सोलापूर रस्त्यावरच्या आपल्या दवाखान्यांत असं कोण शोधतं?

डॉक्टर मंडळींना इथेच सांगतो. डिसेंबर ते मार्च या काळात ताप-खोकल्याच्या किंवा डोळे लाल झालेल्या रुग्णाला एक प्रश्न विचारा: गेल्या दहा-पंधरा दिवसांत आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या हाताळल्यात का? ओसेल्टामिविर ४८ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा उपयोग सर्वाधिक. अहवालाची वाट बघण्यात ते तास जातात.

शोधण्याइतकंच कळवणंही महत्त्वाचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. जानेवारीच्या सुरुवातीला भोपाळहून उत्तर आलं, एच५एन१. खाण्यात आलेलं कोंबडीचं कच्चं मांस हा संशयाचा पहिला धागा. गोरेवाड्याला मांस पुरवणाऱ्या साखळीत कुठेतरी कुणाकडे तरी कोंबड्या मेल्या असतील आणि त्याने तोंड उघडलं नसेल, अशी शंका मनात येते. सिद्ध करता येणार नाही, पण ती जातही नाही.

तर प्रश्न हा, की माणूस तोंड का उघडत नाही? कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्याने मालकावर कळवण्याचं बंधन घातलं आहे. भरपाईसुद्धा आहे. २०२१ साली आपल्या राज्यात मोठ्या लेअरला ९० रुपये, मोठ्या ब्रॉयलरला ७०, पिल्लाला २०, अंड्याला तीन, खाद्याला किलोमागे १२ रुपये असे दर होते. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची; आधी मेलेल्यांची नाही. कागदावर यात शहाणपण आहे. जो लवकर कळवेल, त्याचे जास्त पक्षी जिवंत असतील आणि त्याला जास्त पैसे मिळतील.

पण पहिल्या दिवशी चाळीस पक्षी मेलेल्या माणसाच्या जागी उभे राहा. अंड्यावर आलेली तलंग तयार करायला ९० रुपयांच्या कितीतरी पट खर्च आलेला असतो. फोन केला तर शेड काही महिने रिकामी. एक किलोमीटरच्या आतल्या चुलत्याच्या, मेव्हण्याच्या शेडमधले धडधाकट पक्षीही मारले जाणार आणि त्या घरांशी बोलणं कायमचं बंद. करार पद्धतीत तर पक्षी कंपनीचे आणि शेड शेतकऱ्याची. त्याच्या बुडालेल्या बॅचचे पैसे कोणत्या दराने द्यायचे? याच वेळी व्यापारी गाडी घेऊन दारात उभा असतो, उरलेले आत्ता घेऊन जातो म्हणतो. कोणता रस्ता सोपा आहे, ते मी सांगायला नको. त्या गाडीतून विषाणू तीन जिल्हे ओलांडतो. मी अशा माणसाला गुन्हेगार म्हणत नाही. खरं बोलणं आपण त्याला फार महाग करून ठेवलं आहे.

पक्षीनिरीक्षकांनो, तुमच्यावरचा आरोप अर्धा खरा आहे. २००५ साली चीनमधल्या छिंघाई सरोवरावर सहा हजारांहून जास्त रानपक्षी या विषाणूने मेले, त्यांत सर्वाधिक पट्टकादंब हंस होते, तेच जे आपल्याकडे भिगवणला येतात. काही बदकं लक्षण न दाखवता विषाणू वाहतात. पण शेडमध्ये तो उडत शिरत नाही. तो चपलेला लागून, अंड्यांच्या ट्रेवरून, न धुतलेल्या पिंजऱ्यावरून, उघड्या टाकीतल्या पाण्यातून येतो. कवडीपाटचे पक्षी हाकलून काही साधणार नाही. उलट, उदगीरला रोग आधी कावळ्यांमुळे कळला. तुमच्याइतक्या बारकाईने नदीकाठ कुणी बघत नाही. एकाच झाडाखाली चार-पाच कावळे मेलेले दिसले तर फोटो गटावर टाकण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा. आणि हात लावू नका.

लसीबद्दल विचाराल म्हणून सांगतो. फ्रान्सने २०२३ पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली, चीन बऱ्याच वर्षांपासून कोंबड्यांना देतो. आपल्याकडे एच९एन२ची लस तयार झाली आहे. एच५एन१साठी मात्र पक्षी मारणं हेच धोरण आहे. लसीने मर थांबते, पण विषाणू आतून छुपा फिरत राहू शकतो, त्यामुळे लस दिली तर तपासण्या वाढवाव्या लागतात. ती तयारी झाल्याशिवाय लसीची मागणी करू नये, असं माझं मत आहे. सभागृहातल्या अनेकांना ते पटणार नाही. दुपारच्या सत्रात जरूर भांडा.

त्याच सत्रात ठरावाचा मसुदा येईल. त्यात माझ्या आग्रहाने तीन मागण्या घातल्या आहेत. रोग कळवला त्या तारखेपासून मेलेल्या पक्ष्यांनाही भरपाई मिळावी, म्हणजे अहवाल येईपर्यंतच्या दिवसांचं नुकसान कळवणाऱ्याच्या माथी बसणार नाही. करार पद्धतीच्या शेतकऱ्याला भरपाईत वेगळा, नावाने लिहिलेला हिस्सा असावा. आणि शेडवर राहणाऱ्या मजुरांची यादी ग्रामपंचायतीकडे व प्राथमिक आरोग्य केंद्राकडे असावी, त्यांना हातमोजे, मास्क, गमबूट मालकाने द्यावेत आणि मर लागली तर दहा दिवस आरोग्यसेविकेने त्यांचा ताप बघावा. तिसऱ्या मागणीला काल काही मालकांनी खर्चाचं कारण देऊन विरोध केला. तो विरोध त्यांनी इथे, सगळ्यांसमोर मांडावा. त्यानंतर मतदान घेऊ.