नकाराच्या मातीतला नांगर

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



परीक्षेच्या निकालाच्या दिवशी घरोघरी पेढे वाटले जातात. ज्या घरी पेढे येत नाहीत, त्या घरातल्या मुलाकडे मात्र त्या संध्याकाळी कोणी वळून पाहत नाही. अशा मुलांना आणि त्यांच्या पालकांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र पुनःपुन्हा सांगितले पाहिजे.

१८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला; पण काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगत नसे. चित्रकलेची वाट खुंटली. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. तेथे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले. नोकरी सोडून ते बेळगावी आले, बंधूंसह सायकलींचे दुकान सांभाळू लागले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करू लागले.

खरी कसोटी येथेच लागली. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली! 'लोकच अडाणी' असे म्हणून हात झटकणे सोपे होते. परंतु ज्याचा एक हंगाम फसला तर वर्षाची भाकरी जाते, त्याने नव्या अवजाराला भ्यावे यात नवल ते काय? नकार देणाऱ्याची अडचण समजून घेणे हाही चिकाटीचाच भाग आहे.

पुढे वसाहतीच्या विस्तारासाठी बेळगावची जागाही सोडावी लागली. चाळिशीच्या उंबरठ्यावर कारखाना बेघर झाला. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी १० हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन दिली. १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

चिकाटीचे गोडवे गाताना या कर्जाचा आपल्याला विसर पडतो. जिद्द लक्ष्मणरावांची होती, पण पडत्या काळात कोणीतरी त्यांच्यावर विश्वास टाकला होता. तो विश्वास त्यांनी स्वतःपाशी ठेवला नाही. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या, समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या हाती त्यांनी वाडीचा रात्रीचा पहारा सोपवला.

१९६९ साली, जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. यशाची दखल सारेच घेतात. अपयशाच्या दिवसांत मात्र पंतप्रतिनिधींसारखे थोडेच भेटतात. म्हणूनच निकालाच्या संध्याकाळी ज्या घरी पेढे आले नाहीत, त्या घरी आपण आधी गेले पाहिजे. तेथे उपदेश नको. 'आता पुढे काय करायचे, ते मिळून ठरवू' एवढे एक वाक्य पुरे.