जिवंत पेशीचा सामू सांगणारे रंग



वैनगंगेकाठच्या पवनी परिसरात धानाची शेती करणाऱ्यांना ‘सामू’ हा शब्द नवा नाही. माती परीक्षणाच्या पत्रिकेत तो असतोच. सामू ७ पेक्षा कमी असल्यास पदार्थ आम्लधर्मी, अधिक असल्यास अल्कधर्मी समजावा. तो एका अंकाने घटला, की आम्लता दहापट वाढते. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो, तेही सामू बदलल्यामुळेच.

मातीचा नमुना पाण्यात कालवून सामू मोजता येतो. पेशी मात्र फोडली, तर तिच्या निरनिराळ्या कप्प्यांतील द्रव मिसळून जातात आणि जे मोजावयाचे तेच नाहीसे होते. पेशीद्रवाचा सामू सुमारे ७.२, तर लयकारिकांचा ५ च्या आसपास असतो.

या अडचणीवर प्रतिदीप्त रंगद्रव्यांनी मार्ग काढला. १९८२ साली रॉजर त्सिएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बीसीईसीएफ’ हे रंगद्रव्य प्रसिद्ध केले. त्याचे विद्युतभार झाकून ते पेशीत शिरू दिले जाते. आतील विकरे ते आवरण तोडतात आणि भारित झालेले रंगद्रव्य आतच अडकते. मग ४९० व ४४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आळीपाळीने टाकून त्याची चमक मोजतात. दोन्ही चमकींच्या गुणोत्तरावरून सामू कळतो. रंगद्रव्य कमी-अधिक शिरले, तरी उत्तर बिघडत नाही.

भारतातही या क्षेत्रात मोलाचे कार्य झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, तेथे यमुना कृष्णन् व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये डीएनएच्या धाग्यांपासून सामू दाखविणारी सूक्ष्म कळ तयार केली. आम्लता वाढताच तिची टोके जवळ येतात आणि त्यांवरील दोन रंगांच्या चमकीचे प्रमाण बदलते.

याचा लोकांच्या आरोग्याशी निकटचा संबंध आहे. रक्षक पेशी गिळलेल्या जंतूंभोवतीचा कप्पा आम्लधर्मी करून त्यांचा नाश करतात. क्षयाचे जंतू ही आम्लता वाढूच देत नाहीत व पेशीतच तग धरतात. हे सामूच्या मोजमापातूनच उमगले.

म्हणून शिक्षकांनी जास्वंदीच्या रसाने वर्गात आम्ल-अल्क ओळखण्याचा प्रयोग अवश्य करावा. पंचायत सदस्यांनी दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यास सरकारी दवाखान्यात मोफत थुंकी तपासणीसाठी पाठवावे. विज्ञानाचे फळ गावाच्या पदरी पडते ते असेच.