ब्रह्मचारी जीवराज दोशी आणि सोलापूरचा विद्वत्परिवार

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त अंकुशनगर येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा उभारलेल्या वास्तूंची, जमलेल्या निधीची आणि पार पडलेल्या उत्सवांची उजळणी होणे स्वाभाविक आहे. दात्यांच्या ऋणाचा तो आदरपूर्वक उल्लेख असतो. तथापि अशा मंगल प्रसंगी एका वेगळ्या दानाचेही स्मरण व्हावे. आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी चतुर्विध दाने आपल्या परंपरेने सांगितली. पहिल्या तिन्हींचे फळ डोळ्यांना लवकर दिसते. शास्त्रदानाचे फळ दिसावयास मात्र पिढी जावी लागते. म्हणूनच त्यासाठी थैली सैल करणारे हात थोडे असतात. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे त्या थोड्यांपैकी एक होत.

इ. स. १९४० मध्ये, संसारातून मन निवृत्त झाल्यावर, न्यायाने मिळविलेली आपली संपत्ती धर्म आणि समाज यांच्या उन्नतीसाठी खर्च करावी, अशी तीव्र इच्छा त्यांच्या मनात निर्माण झाली. एखादे मंदिर बांधून किंवा धर्मशाळेवर नावाची पाटी लावून त्यांना तृप्त होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ते देशभर फिरले. संपत्तीचा विनियोग कोणत्या कार्यासाठी करावा, याविषयी जैन विद्वानांची मते त्यांनी प्रत्यक्ष भेटून आणि पत्राने मागविली. पुढे १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथा तीर्थक्षेत्री त्यांनी विद्वानांची सभा भरविली व हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. भांडवल गुंतविण्यापूर्वी व्यापारी दहा ठिकाणी चौकशी करतो. दान देताना मात्र तीच चौकशी तो बहुधा विसरतो. ब्रह्मचारीजी ती विसरले नाहीत, हे त्यांच्या दातृत्वाचे पहिले वैशिष्ट्य होय.

त्या सभेतील विचारमंथनातून ‘जैन संस्कृती संरक्षक संघ’ या संस्थेची स्थापना झाली. ब्रह्मचारीजींनी तिच्यासाठी ३०,००० रुपयांचे दान घोषित केले. त्यांची अपरिग्रहवृत्ती वाढत गेली आणि १९४४ मध्ये सुमारे २,००,००० रुपयांची आपली सर्व मालमत्ता त्यांनी संघास विश्वस्त निधी म्हणून अर्पण केली. दिनांक १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरण साधले. दाता गेला, परंतु कार्य थांबले नाही. दात्याच्या पश्चात जे चालते तेच खरे दान, ही कसोटी येथे पूर्णपणे उतरते.

संघाच्या ‘जीवराज जैन ग्रंथमाले’ने पहिला ग्रंथ निवडला तो यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’. विश्वरचना आणि गणित सांगणाऱ्या या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग १९४३ मध्ये आणि दुसरा १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. ऐन महायुद्धात हे काम सुरू झाले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यामागील निष्ठा कळते. डॉ. हीरालाल जैन आणि डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे या मालेचे प्रमुख संपादक होते. उपाध्ये बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते अर्धमागधीचे अध्यापन करीत. एकेका शब्दासाठी अनेक हस्तलिखिते ताडून पाहणे, पाठभेद टिपणे, शुद्ध पाठ ठरविणे आणि मग प्रस्तावना लिहिणे, अशा कामात या विद्वानांनी आयुष्य वेचले.

या परिवाराला पंथाची अथवा प्रांताची भिंत नव्हती. १९४९ मध्ये सोलापूरने सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ चंपूवरील विवेचक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे लेखक कृष्णकांत हांडिक हे आसामचे. १९५४ मध्ये त्रिविक्रमाचे प्राकृत व्याकरण निघाले. त्याचे संपादक डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य पुढे पुण्यात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचेही प्रमुख संपादक झाले. दक्षिणेतील जैन शिलालेखांवरील पां. भी. देसाई यांचा ग्रंथ १९५७ मध्ये, तर डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ १९५८ मध्ये आला. कारंजा आणि लातूर येथील भट्टारकपीठांची परंपरा या दुसऱ्या ग्रंथात नोंदलेली असल्यामुळे मराठवाडा आणि विदर्भ यांच्या इतिहासासाठी तो आजही उपयोगी पडतो.

व्यापारी बंधूंना विशेष वाटावे असे एक नाव म्हणजे महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात रचलेल्या या ग्रंथात व्याजाची आणि भागीदारीतील वाटणीची उदाहरणे आहेत. १९६३ मध्ये ग्रंथमालेने तो हिंदी अनुवादासह उपलब्ध केला. आपल्या पेढ्यांवरील हिशेबाचे मूळ शास्त्रभांडारात आहे, हे त्यामुळे सामान्य वाचकाला कळले. गुणकीर्तींच्या ‘धर्मामृता’सारखे जुने मराठी जैन ग्रंथही सोलापूरने छापले आणि मराठी भाषेच्या इतिहासात मोलाची भर घातली. ज्या ‘धवला’ टीकेचा पहिला भाग डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून काढला आणि जिचे सोळा भाग पूर्ण व्हावयास सुमारे वीस वर्षे लागली, तिच्या संशोधित आवृत्त्याही पुढे सोलापूरनेच प्रसिद्ध केल्या.

याच वाटेने पुण्यातही काम झाले. उद्योजक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने आणि सन्मतितीर्थ या संस्थेच्या साहाय्याने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात प्राकृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा दिला, तेव्हा अशा कार्याचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले.

अंकुशनगरला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. गोदावरीच्या काठाने वर गेले की पैठण लागते. तेच प्राचीन प्रतिष्ठान, महाराष्ट्री प्राकृताचे माहेर. कालकाचार्यांनी सातवाहन राजाच्या विनंतीवरून पर्युषणाची पंचमी चतुर्थीवर आणली ती याच नगरीत, असे परंपरा सांगते. मात्र त्याच गोदाकाठच्या गावोगावच्या मंदिरांत आणि जुन्या वाड्यांत आजही पोथ्या बस्त्यांत बांधून ठेवलेल्या आढळतात. वर्षातून एकदा त्यांच्यावर गंधाक्षता वाहतात, परंतु बस्ता सुटत नाही. आत कसर लागली की वाळवी, हे कोणी पाहत नाही. मूर्ती भंगली तर दुसरी घडविता येते. एकमेव प्रत असलेली पोथी गेली, तर तिच्यातील आचार्यांचा शब्द कायमचा जातो.

यासाठी फार मोठे भांडवल लागत नाही. श्रुतपंचमी असो वा ज्ञानपंचमी, त्या दिवशी पूजेबरोबर प्रत्येक बस्ता सोडावा. पोथीचे नाव, पाने, लिपी आणि लेखनाचा शक यांची यादी करावी. जुने कुजके फडके काढून धुऊन खळ घालविलेल्या मांजरपाटाचे वेष्टन घालावे, कारण खळीमुळे कीड येते. हस्तलिखितांचे छायांकन करून देणाऱ्या शासकीय योजना २००३ पासून आल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’ या मोहिमेची घोषणाही झाली. परंतु यादीच नसेल तर योजना कोणत्या कपाटाशी येणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक गावातून निदान एका मुलाला वा मुलीला प्राकृत शिकण्यासाठी साहाय्य द्यावे. वाचणारा नसेल, तर जपलेली पोथीही मुकीच राहते.

ब्रह्मचारी जीवराजजींनी दान देण्यापूर्वी एक प्रश्न विचारला होता, संपत्तीचा विनियोग कोणत्या कार्यासाठी करावा? पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना ट्रस्टच्या सभेपुढे तोच प्रश्न प्रथम यावा, हीच या सुवर्ण महोत्सवी प्रसंगी नम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र!