कारागीर आणि घरधनी

घराची डागडुजी काढली कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक घरधन्याचा, दुसरा कारागिराचा. गवंडी, सुतार, रंगारी यांच्याविषयींच्या तक्रारी सुशिक्षितांच्या बैठकींत आपण नेहमींच ऐकतों. गिऱ्हाइकांकडून त्यांना काय सोसावें लागतें, हें मात्र क्वचितच कानीं येतें. आज ती दुसरी बाजू आपल्यापुढें मांडावयाची आहे.

अवघड गिऱ्हाईक दुष्टच असतें असें नाहीं. बहुधा तें भ्यालेलें असतें. आयुष्याची पुंजी घरांत घातलेली, कामाची माहिती नाहीं, आणि फसवणुकीच्या गोष्टी मात्र पुष्कळ ऐकलेल्या! मग तें दिवसभर कारागिराच्या पाठीशीं उभें राहून प्रत्येक विटेचा जाब विचारतें. जाणता गवंडी अशा वेळीं वाद घालीत नाहीं. तो भिंतीला ओळंबा लावतो, फरशीवर पाणसळ ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, आपणच पाहा." निम्मी शंका तेथेंच फिटते.

रंगाऱ्याची अडचण याहून बिकट. गणपतीपूर्वीं घर रंगवून हवें, असा आग्रह पुष्कळ घरीं असतो. पण ते दिवस पावसाळ्याचे. भिंतींत ओल मुरलेली असते. तिच्यावर रंग चढविला तर ओल बाहेर पडूं पाहते, क्षार वर येतात आणि पोपडे सुटतात. रंगारी "थांबा" म्हणाला तर तो कामचुकार. न थांबतां रंग दिला तर दिवाळींत तोच नालायक! छटेचेंही तसेंच. चुन्याची सफेती ओली असतांना विरळ दिसते, ती वाळल्यावर पांढरीशुभ्र उमटते. उलट हल्लींचे इमल्शन रंग वाळल्यावर बहुधा थोडे गडद होतात. म्हणून शहाणा रंगारी आधीं भिंतीवर हातभर पट्टा ओढून तो वाळूं देतो, आणि दिवसाच्या उजेडांत व रात्रीं दिव्याखालीं दाखवून मगच पसंती घेतो.

परंतु खरीं भांडणें होतात तीं पैशांवरून, आणि त्यांचें मूळ एका गोड वाक्यांत असतें: "आलांच आहांत, तर एवढी फडताळाची दारेंही बसवून टाका." बोलणाऱ्याला काम किरकोळ वाटतें, सुताराला त्यांत लांकूड, बिजागऱ्या आणि दीड दिवसाची मजुरी दिसते. संकोचानें तो दर बोलत नाहीं. हिशेबाच्या दिवशीं एक म्हणतो, "हें ठरलें नव्हतें", दुसरा म्हणतो, "तुम्हींच सांगितलें होतें." दोघेही खरेंच बोलत असतात!

1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 70 व्या कलमाप्रमाणें, फुकट करण्याचा हेतु नसतां एकानें दुसऱ्यासाठीं कायदेशीरपणें कांहीं केलें आणि दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. त्या कलमाखालीं एक दृष्टांतही आहे: व्यापाऱ्यानें चुकून एखाद्याच्या घरीं माल ठेवला आणि त्यानें तो आपला म्हणून वापरला, तर त्यानें किंमत दिली पाहिजे. पण दीड दिवसाच्या मजुरीसाठीं कोर्टाची पायरी कोण चढणार? 1986 चा, आणि त्याच्या जागीं आलेला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा गिऱ्हाइकाच्या पाठीशीं आहे. बुडालेल्या मजुरीची दाद कारागिराला त्या कायद्याखालीं मागतां येत नाहीं.

तेव्हां उपाय एकच, साधी वही. वाढीव काम निघालें कीं तें काय, दर किती, सामान कोणाचें, दिवस किती लागणार, हें चार ओळींत लिहावें, दोघांनीं सह्या कराव्यात आणि मगच हत्यार उचलावें. एवढ्यालाही जो तयार नसेल, त्याला कारागिरानें हात जोडून निरोप द्यावा. तें काम सोडण्यांतच लाभ आहे.

शेवटीं घरधन्यांना एक विनंती. अखेरचा हप्ता अडवून धरणें हें आपलें आवडतें शस्त्र. सामानाचे पैसे आणि मदतनिसांची मजुरी आधींच गेलेली असते. मागें उरतो तो बहुधा कारागिराच्या स्वतःच्या पोटाचा भाग. कामांत उणीव असेल तर तिची यादी करावी, तेवढ्यापुरतीच रक्कम राखावी, आणि ती दूर होतांच त्याच दिवशीं चुकती करावी. ज्या हातांनीं आपल्या घराची भिंत सरळ उभी केली, त्यांच्याशीं आपला व्यवहारही ओळंब्यांत असावा, इतकेंच सांगून आपली रजा घेतों.