‘हरिख’ म्हणजे काय?



लेक माहेरी आली की माय हरखते. पेरणीला पाऊस आला की शेतकरी हरखतो. या ‘हरखण्या’चे मूळ संस्कृत ‘हर्ष’. बोलता बोलता त्यातला जोडउच्चार सुटला, ‘ष’चा ‘ख’ झाला आणि ‘हरिख’ शब्द घडला. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीतही तो आहे.

हर्षाचा धातू ‘हृष्’. अंगावर रोमांच उभे राहणे, हा त्याचा एक जुना अर्थ. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला रोमहर्ष होतो, तो विषादाने. अठराव्यात संजय कृष्णार्जुनसंवाद आठवून पुन्हा पुन्हा हर्षित होतो. धातू एकच, पण अर्जुनाचा काटा ‘माझे-माझे’ या मोहाचा, तर संजयाचा हर्ष स्वतःला विसरण्याचा.

आर्वीच्या पंचक्रोशीला हे सांगायला नको. वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. तेथून आषाढीसाठी पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा पाहणाऱ्याच्या अंगावर जो काटा येतो, तोच हरिख!

मंदिराचा जीर्णोद्धार झाला. एक रुपया देणारा आणि हजार देणारा, दोघेही कळस पाहून सारखेच हरखोत. फलकावर आपले नाव कितवे, हे शोधताना तो हरिख हरवू नये, हीच श्रीचरणी प्रार्थना.